घरचा हात वजा

सहा वाजत आले की जुईली स्कूटर विश्रामबागेतल्या त्या गल्लीच्या तोंडाशीच उभी करायची. पाळणाघर अजून चार घरं पुढं असायचं. डिकीतून काचेची एक छोटी बाटली काढायची, तळहातावर चार थेंब घ्यायचे, मनगटापर्यंत चोळायचे, उरलंसुरलं कानामागं आणि गळ्याला पुसायचं. मग कुणी पाहिलं तर नाही ना, याची खात्री करून बाटली फडक्यात गुंडाळून परत ठेवायची. नवऱ्यालाही तिनं हे सांगितलं नव्हतं. सांगणार तरी काय?

तेल आवटीमावशींचं होतं. तिळाच्या तेलात वेखंड, ओवा आणि जायफळ घालून त्या ते स्वतः कढवत आणि पाळणाघरातल्या सातही पोरांना रोज दुपारी वाटीत बोटं बुडवून बुडवून चोळत. महिन्यापूर्वी त्याच वाटीतलं तेल बाटलीत ओतून त्यांनी जुईलीला दिलं होतं. "रविवारी घरी लावत जावा पोरीला. सवय लागलीया तिला." त्या 'सवय लागलीया'नं जुईलीच्या आत जे काही तुटलं, ते तिनं तोंडावर येऊ दिलं नाही. ते तेल शालूला तिनं एकदाही लावलं नाही. स्वतःला मात्र रोज लावलं.

कारण शालू तिच्या हातांना नाक मुरडायची. जुईली मार्केट यार्डाजवळच्या प्रयोगशाळेत हळद तपासायची. दिवसभर हळदीच्या पुडीत हात. कितीही साबण घासला तरी तळवे पिवळेच राहायचे आणि वास तर ताटातल्या भातालाही यायचा. बावीस महिन्यांची शालू, आईनं गालाला हात लावला की "शी" म्हणून मान फिरवायची. तेल लावायला लागल्यापासून ते "शी" बंद झालं होतं. जिंकल्यासारखं वाटावं, तर ते जिंकणं कुणाचं होतं?

त्या मंगळवारी ती दारात पोचली तेव्हा शालू मावशींच्या कडेवर होती. एक हात त्यांच्या गळ्यात, दुसऱ्या हातात त्यांच्या कानातली कुडी.

"आली बग तुजी आई. जा की गं."

शालूनं तोंड मावशींच्या खांद्यात खुपसलं.

"जायना झालीया बगा ताई. लई लाडावलीया." मावशी हसल्या. साधंच हसू होतं, पण जुईलीला त्यात भलतंच काही ऐकू आलं.

"शालू, चल. उशीर होतोय."

शालूनं एक डोळा उघडला, आईकडं पाहिलं, आणि मावशींकडं बघून खुदकन हसली. दोघींमधलं काहीतरी गुपित असावं तसं. जुईलीनं पुढं होऊन तिचं मनगट धरलं आणि ओढलं. एकदाच. फार जोरात नव्हे, असं तिला वाटलं. शालूनं किंकाळी फोडली.

"ताई, हळू!" मावशी ओरडल्या.

आता ही मला शिकवणार, जुईलीच्या मनात आलं. शालू घरापर्यंत रडत राहिली. मावशीसाठी रडतेय, हे आईला वेगळं सांगायची गरज नव्हती.

घरी आल्यावर शालू डावा हात हलवेना. अर्ध्या तासात त्या दोघी बालरुग्णालयात होत्या. डॉक्टरांनी शालूला भिंतीवरचा हत्ती दाखवत कोपर हातात घेतलं, हलकेच फिरवलं, टक् असा आवाज झाला. पाच मिनिटांत शालू त्याच हातानं बिस्किट खात होती.

"कोपराचं हाड जरा सटकलं होतं. या वयात तो सांधा सैलच असतो. कुणी मनगट धरून ओढलं की होतं असं. ओढणाऱ्याला पुष्कळदा कळतही नाही."

"पाळणाघरातून आणल्यापासूनच हात हलवत नव्हती," जुईली म्हणाली. त्या वाक्यात एकही शब्द खोटा नव्हता.

"मग मला पोलिसांना कळवावं लागेल. नियम आहे. स्पर्शलेख काढू."

स्पर्शलेखाला दोन वर्षं झाली होती. दोन हजार त्रेचाळीस साली सांगलीत ते यंत्र आलं तेव्हा वर्तमानपत्रांनी पहिलं पान दिलं होतं. त्यामागचं शास्त्र तसं समजायला सोपं. माणसाच्या त्वचेवरून दर मिनिटाला हजारो कण झडत असतात, डोळ्यांना न दिसणारे. ज्याला हात लावू त्याच्यावर ते राहतात. प्रत्येक कणात मालकाची जनुकं असतात, म्हणजे कण कुणाचा ते कळतं. शिवाय त्या कणात काही नाजूक रेणू असतात, ते हवेनं आणि दमटपणानं ठरावीक गतीनं विरत जातात. किती विरले हे मोजलं की कण किती वाजता पडला तेही कळतं, पंधरा मिनिटं इकडं-तिकडं. मुलाच्या अंगावर मऊ चिकट पट्ट्या लावायच्या, उचलायच्या, यंत्रात घालायच्या. बोलता न येणाऱ्या लेकराची साक्ष आता त्याची कातडीच देणार, असं तेव्हा मंत्री म्हणाले होते. आणि मग नियम झाला की मुलाला इजा झाली असेल आणि इजेच्या जागी, इजेच्या वेळी एखाद्या परक्या माणसाचा स्पर्श साठ टक्क्यांच्या वर असेल, तर दुसऱ्या पुराव्याची गरज नाही.

दोन दिवसांनी पोलीस ठाण्यात फौजदारानं तिच्यापुढं दोन पानी सारांश ठेवला. पानावर एका मुलीची आकृती होती, केस नसलेली, हात पसरलेली. ती शालू होती. शालूच्या पाठीवर जांभळा रंग, मानेवर जांभळा, दंडावर जांभळा, आणि डाव्या मनगटाभोवती तर गडद जांभळं कडं. खाली लिहिलं होतं: सुरेखा आवटी, ७१ टक्के. मनगटावरची वेळ, सहा वाजून दहा मिनिटं.

जुईली त्या आकृतीत स्वतःला शोधत राहिली. दहा तास पोर तिकडं असते, कबूल. पण उरलेले चौदा? ते आंघोळ घालणं, ते पोटावर झोपवणं, तापात रात्ररात्र छातीशी धरणं, ते कुठं गेलं? लेकराच्या अंगावर माझं काहीच नाही? पानाच्या तळाशी बारीक अक्षरात 'घरचा हात वजा जाता' असं छापलं होतं. तिनं ते वाचलं. तिचे डोळे लगेच एकाहत्तरावर परत गेले.

"मावशी म्हणतात, त्यांनी नाही ओढलं," फौजदार म्हणाला. "आता यंत्रापुढं त्या काय बोलणार? ताई, तुमची सही इथं."

त्या क्षणी जुईलीला मनगटावर मिटलेली स्वतःची बोटं आठवली की नाही, हे सांगणं अवघड आहे. आठवली असतील, तर जांभळ्या कड्यानं ती झाकून टाकली. यंत्रच म्हणतंय म्हटल्यावर तिला हायसं वाटलं. तिनं सही केली.

नवरा, प्रथमेश, जतकडं पवनचक्क्यांच्या देखभालीला होता, शनिवारी यायचा. फोनवर म्हणाला, "नक्की का गं? मावशी तशा वाटत नाहीत."

"तू असतोस कुठं, तुला काय वाटायचंय?" म्हणून तिनं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती कोर्टात गेली. जायची गरज नव्हती. तिला मावशींना बघायचं होतं, कडेवर शालू नसलेल्या.

अटकेपासून चोवीस तासांच्या आत त्यांना हजर करणं पोलिसांना भाग होतं. मावशी चुरगळलेल्या साडीत उभ्या होत्या. न्यायदंडाधिकारी मॅडमनी चष्म्यावरून पाहत नेहमीचा प्रश्न विचारला, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे?"

"न्हाई. मारलं न्हाई कुणी. च्या दिला, पाणी दिलं. पण मी सांगितलेलं लिवलं न्हाई."

"काय सांगितलं होतं?"

"पोरीचा हात तिच्या आईनं वडला म्हणून. तर म्हणाले, मावशी, यंत्र सांगतंय, आता तुमी कशाला सांगताय."

मागच्या बाकावर जुईलीचे कान तापले. खोटारडी! पोरगी घेतली ती घेतलीच, आता दोषही माझ्यावर ढकलतेय.

मॅडमनी फौजदाराकडं एकदा पाहिलं आणि मावशींचं म्हणणं शब्दन्‌शब्द लिहून घेतलं. "वकील आहे?"

"न्हाई ओ. मला कुठला वकील?"

"सरकार देईल. वकिलाशिवाय हा खटला चालणार नाही." अर्ध्या तासात विधी सेवेचे बारगीर वकील आले, मावशींशी कोपऱ्यात दहा मिनिटं बोलले, आणि संध्याकाळी मावशी जामिनावर सुटल्या.

सुटल्या! जुईली पायऱ्या उतरताना स्वतःशीच पुटपुटत होती. लेकरू माझं, दुखलं त्याला, आणि वकील मिळतो तो तिला. तिला विचारतात तक्रार आहे का, चहा मिळाला का. मला कुणी विचारलं?

पाळणाघराला कुलूप लागलं. जुईलीनं दोन महिन्यांची बिनपगारी रजा टाकली. आता शालू पूर्ण तिची होती, दिवसाचे चोवीस तास. तळव्यांचा पिवळा रंग आठ दिवसांत गेला. पण दुपारचा एक वाजला की शालू चटई ओढत आणायची, तिच्यावर पालथी पडायची आणि पाठ उघडी टाकून वाट बघायची. जुईलीनं हात ठेवला की मान वळवून विचारायची, "माशी?"

"माशी नाही. आई आहे ना."

शालू थोडा वेळ विचार करायची आणि उठून बसायची. भांडत नव्हती, रडतही नव्हती. ते जास्त लागायचं. जिला तुरुंगात घालायला निघालो ती बाई रोज दुपारी एक वाजता आपल्याच घरात, आपल्याच चटईवर येऊन बसते, आणि तिच्यावर कुठली फिर्याद करता येत नाही.

महिन्याभरानं बारगीरांनी अर्ज केला. त्यांना स्पर्शलेखाचा सारांश नको होता, मुळातली सगळी नोंद हवी होती. सरकारी वकील उठले. नियमात फक्त सारांश द्यायची तरतूद आहे. मूळ नोंदीत लाखो ओळी आहेत, कुणी वाचणार आहे का त्या? जुईली त्या दिवशीही आली होती. मावशींवरून तिची नजर हलत नव्हती. त्या वाळल्या होत्या. कुणाची तरी पोरं कडेवर नसली की माणूस असं एका बाजूला झुकून उभं राहतं की काय?

बारगीर म्हणाले, "मॅडम, नियम दोन वर्षांचा आहे, संविधान त्याच्या आधीचं. एकविसावं कलम म्हणतं, कायद्यानं घालून दिलेल्या पद्धतीशिवाय कुणाचं स्वातंत्र्य काढून घेता येणार नाही. आणि ती पद्धत रास्त पाहिजे, नुसती छापलेली असून भागत नाही, हे न्यायालयांनी कितीदा सांगून झालंय. माणसानं साक्ष दिली तर मी त्याला उलट विचारतो, तू कुठं उभा होतास, उजेड होता का, तुझं वैर आहे का. यंत्राला हे विचारायचं तर त्याची नोंदच पाहिजे. नाहीतर यंत्र बोलणार आणि माझी अशील ऐकणार, एवढंच."

"यंत्राला कसलं आलंय वैर?" सरकारी वकील म्हणाले.

"वैर नसेल. सवय असेल. मॅडम, फिर्यादी ताई स्वतः हळद तपासतात. तिथं माल नापास झाला तर काय करतात? नमुन्याचे आधीच दोन भाग केलेले असतात. एक तपासायचा, एक सील करून ठेवायचा. व्यापारी म्हणाला मला मान्य नाही, की दुसरा भाग दुसऱ्या प्रयोगशाळेत. बरोबर ना, ताई?"

"हरकत! फिर्यादी अजून साक्षीला उभी नाही."

"बारगीर, मला विचारा. त्यांना नको," मॅडम म्हणाल्या.

"मग आपल्यालाच विचारतो. हळदीच्या पोत्याला जेवढा हक्क आहे, तेवढा आवटीबाईंना द्यायचा की नाही?"

कोर्टात खसखस पिकली. जुईलीनं मान खाली घातली. सात वर्षं ती ते दुसरे भाग सील करत आली होती, तारीख घालून, सही करून. कितीतरी वेळा परत तपासणीत माल पास झाला होता आणि तेव्हा तिला राग आला नव्हता. चुकत असतं कधी यंत्र, ओलावा जास्त वजा होतो, एवढंच म्हणून ती पुढच्या पोत्याकडं वळली होती.

अर्ज मंजूर झाला.

जुईलीची साक्ष लागली त्या दिवशी शालूला तिनं शेजारच्या काकूंकडं ठेवलं. पिंजऱ्यात उभं राहून शपथ घेतली. समोरच्या पडद्यावर बारगीरांनी तीच आकृती आणली, हात पसरलेली.

"हा सारांश तुम्ही पाहिलाय?"

"हो."

"तळाशी काय लिहिलंय, वाचा."

"घरचा हात वजा जाता."

"तुम्ही प्रयोगशाळेत काम करता. याचा अर्थ काय?"

अर्थ तिला त्या क्षणी, तिथं उभं असताना कळला.

"मी सांगतो. यंत्र बनवणाऱ्यांपुढं अडचण होती. आईचा स्पर्श मुलाच्या अंगावर इतका असतो की त्याखाली दुसरं काही दिसेना. म्हणून आईबापांचे कण यंत्र आधीच काढून टाकतं आणि उरतं त्याचे टक्के करतं. तज्ज्ञांनी काल इथं हेच सांगितलं. आता न वजा केलेला लेख बघा."

पडदा बदलला. जांभळा रंग जवळजवळ दिसेनासा झाला. डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत, बोटांच्या बेचक्यात, गुडघ्यामागं, कानाच्या पाळीवर, सगळीकडं पिवळा पसरला होता. पिवळा म्हणजे जुईली.

माझीच आहे. इतके दिवस जळत होते मी, आणि हे असं होतं? तिनं न राहवून मावशींकडं पाहिलं. बघितलंत का? मावशी पडद्याकडं बघतच नव्हत्या. त्यांचे डोळे जमिनीवर होते.

"आता मनगट," बारगीर म्हणाले.

आकृतीचं मनगट मोठं होत पडदाभर झालं. चार बोटं आणि एक अंगठा. जांभळी. आणि त्याच चार बोटांच्या, त्याच अंगठ्याच्या खाली पिवळी. एकावर एक, तंतोतंत. वेळ दोन्हींची सहा दहा.

"दोन बायका एकाच वेळी, एकाच जागी, एकाच आकाराच्या हातानं मनगट कसं धरतील? मी तज्ज्ञांना विचारलं, एकीचे कण दुसरीच्या हातावरून जाऊ शकतात का? म्हणाले, जातील, पण ते शिळे दिसतील. मी विचारलं, आणि ते कण तेलात असले तर? तेव्हा ते थांबले. तेलात हवा लागत नाही, दमटपणा लागत नाही, कण शिळा होतच नाही, म्हणाले. तेल अंगाला लागल्यावर त्याचं घड्याळ सुरू होतं." बारगीर तिच्याकडं वळले. आवाज चढला नव्हता. "ताई, माझी अशील म्हणते, त्या दिवशी तुमच्या हातांना तिच्या तेलाचा वास येत होता. तुम्ही हाताला—"

"थांबा." मॅडमनी हात वर केला. "ताई, उत्तर देऊ नका अजून. तुम्ही आरोपी नाही. पण या उत्तरानं होऊ शकता. तुमच्याबरोबर वकील आहे?"

"नाही."

"मग आधी वकिलाशी बोला. कोर्ट वीस मिनिटांनी बसेल."

तिच्यासाठी आलेली वकील मुलगी जेमतेम पंचविशीची होती. कॉरिडॉरमधल्या बाकावर तिनं भराभर सांगितलं. "हे बघा, बारगीरसर प्रश्न मागं घ्यायला तयार आहेत. त्यांना एवढा संशय पुरेसा आहे, त्यांची बाई सुटेल. कोर्टानं सक्तीनं उत्तर घेतलं तर ते तुमच्याविरुद्ध वापरता येत नाही. पण तुम्ही आपणहून सांगितलंत तर येतं. इजा तुमच्या हातून झाली म्हणून चौकशी लागेल, बालकल्याण समितीची माणसं घरी येतील. गप्प राहिलात तर कुणी काही करू शकत नाही. तो तुमचा हक्क आहे."

हक्क. दोन महिने हा शब्द ऐकून तिच्या कपाळाची शीर उठायची. आता तोच कुणीतरी आपल्या खांद्यावर शालीसारखा टाकत होतं, आणि त्याची ऊब लागत होती.

"मावशी निर्दोष ठरतील ना पण?"

"सुटतील. संशयाचा फायदा देऊन. निकालात तसं लिहितात."

संशयाचा फायदा. पाळणाघराच्या त्या गल्लीत हे कसं बोललं जाईल ते जुईलीला ऐकू येत होतं. सुटली हो, पण संशयाचा फायदा मिळून. मग कोण आपलं लेकरू तिथं ठेवील? जुईलीनं ठेवलं असतं?

समोरच्या बाकावर मावशी बारगीरांशेजारी बसल्या होत्या. जुईलीशी बोलायची त्यांना मनाई होती. त्या बारगीरांशीच बोलत होत्या, पण आवाज पहिल्यापासून मोठा.

"सायेब, एक सांगायचं राहिलं बगा. ताईंची गाडी कोपऱ्यावर वाजली की पोरगी उडी मारून दाराकडं पळायची. आई, आई करत. आणि ताई काय पाच-सात मिन्टं यायच्या न्हाईत. काय करायच्या तितं कोपऱ्यावर, देव जाणे. मग पोरगी रुसायची. फुगून माज्याकडं यायची आणि तोंड लपवून बसायची. तिला जायचं नसायचं असं न्हाई ओ. आई लगीच आली न्हाई म्हणून राग."

"मावशी, हे आता इथं बोलू नका," बारगीर दबक्या आवाजात म्हणाले.

"तुमास्नी सांगतीय. दुसऱ्या कुणाला न्हाई."

जुईली बाकावर तशीच बसून राहिली. वकील मुलीनं दोनदा हाक मारली. मग शिपायानं पुकारा केला.

पिंजऱ्यात परत उभी राहिल्यावर मॅडमनी विचारलं, "वकिलाशी बोललात?"

"हो."

"बारगीर, तुमचा प्रश्न?"

"मागं घेतो, मॅडम."

"मला सांगायचंय," जुईली म्हणाली.

वकील मुलगी अर्धवट उठली. मॅडम म्हणाल्या, "तुमच्यावर कुणाची सक्ती नाही. हे समजून बोलताय?"

"समजून. हात मी ओढला. मावशींनी नाही. त्या हळू म्हणाल्या होत्या."

मॅडमनी टंकलेखकाला सांगायला सुरुवात केली. त्यांचा आवाज सपाट होता. "साक्षीदार स्वेच्छेने सांगते की, सदर दिवशी सायंकाळी मुलीचा हात मी स्वतः ओढला. आरोपीने ओढला नाही... तेलाचं काय?"

"त्यांचंच तेल होतं. रोज हातांना लावून जायची. शालूनं माझ्याकडं यावं म्हणून." तिचा आवाज फाटला. सांगायला सगळ्यांत जड हेच होतं, ओढल्याचं नव्हे. "ती त्यांच्याकडं बघून हसायची, मॅडम. मला ते बघवत नव्हतं."

"आरोपीने दिलेले तेल मी हातास लावलेले होते. साक्षीदारास आरोपीविषयी..." मॅडम अडखळल्या. चष्मा काढून त्यांनी टेबलावर ठेवला. "असूया... नको. ते खोडा. तिचेच शब्द घ्या. मला ते बघवत नव्हतं."

कळा वाजल्या आणि थांबल्या. तेवढ्यात आरोपीच्या पिंजऱ्यातून आवाज आला.

"मलाबी."

"आरोपीनं मध्येच बोलू नये," सरकारी वकील म्हणाले, पण त्यांनी समोरची फाईल केव्हाच मिटली होती.

बारगीर उभे राहिले. "मॅडम, गप्प बसायचा माझ्या अशिलाला हक्क आहे. सक्ती नाही."

मॅडमच्या ओठांचा कोपरा हलला. "काय म्हणालात आवटीबाई? नीट सांगा."

मावशींनी पहिल्यांदा जुईलीकडं पाहिलं. डोळे भरले होते आणि त्यांत रागही होता, पुष्कळ. "म्हणलं, मलाबी बगवत न्हवतं. दिसभर मी न्हाऊ घालायची, भरवायची, निजवायची. आणि आई दारात आली की पोरीच्या डोळ्यात मी कुटंच न्हाई." त्यांनी पदर तोंडाला लावला. "तोंड लपवून माज्या खांद्यावर रुसायची ना, तेवडी पाच मिन्टं माजी असायची ती. म्हणून मी कवाच सांगितलं न्हाई ताईंना."

टंकलेखकानं बोटं हवेत धरून मॅडमकडं पाहिलं.

"घ्या," मॅडम म्हणाल्या. "हेही तसंच घ्या."